अडीच कप

बडोद्यात कुणी ‘आज चायनीज’ म्हणालं की डोळ्यांपुढे लारी, म्हणजे खाण्याची हातगाडी, येते. संध्याकाळी फर्रर्र करत पेटणारी भट्टी, परातीत डोंगर करून ठेवलेला चिरलेला कोबी, नको तितकं लाल मंचुरियन आणि लारीच्या कपाळावर गुजरातीत ‘जैन मळशे’ ही पाटी. या लारीवर मी वाढले आहे आणि तिच्याविषयी कुणी नाक मुरडलं तर मला राग येतो. ‘चिनी माणसाने हे कधी खाल्लं तरी असेल का’ असं विचारणाऱ्यांना एवढंच सांगावंसं वाटतं, की अहो, हे केलंच चिनी माणसांनी. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून कोलकात्यात चिनी लोक येत राहिले. त्यातल्या हाक्का समाजाच्या मंडळींनी शहरातल्या टांगऱ्याला चामडं कमावण्याचे कारखाने काढले आणि त्याच वस्तीत पुढे खानावळी चालल्या. मंचुरियनचं श्रेय ज्यांना देतात ते नेल्सन वांगही कोलकात्यातच जन्मलेले. मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात १९७५च्या सुमारास त्यांनी आलं-लसूण-हिरवी मिरची परतली, गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस घातला, आणि पुढचं तुम्हाला माहीतच आहे. तेव्हा लारीवरचं चायनीज खोटं नाही. ते भारतीय चिन्यांचं आहे, इतकंच.

हे आधी सांगून टाकलं, कारण आता ज्या हॉटेलाबद्दल लिहिणार आहे तिथे लोक येतात तेच मुळी ‘खरं चायनीज’ खायला. आणि बसल्या बसल्या निकाल देऊ लागतात. हे खरं, ते आपल्यासाठी बदललेलं. निकाल बहुतेक वेळा उलटा असतो, आणि त्यातच मला गंमत वाटते.

हॉटेल फत्तेगंजच्या मागच्या एका गल्लीत आहे. झेरॉक्सवाला, मोबाइलचे कव्हर विकणारा, पीजीच्या पाट्या, आणि त्यांच्यामध्ये काचेचं दार. आत पाच टेबलं. युनिव्हर्सिटी जवळ असल्यामुळे मुलांची वर्दळ असते. ईशान्येकडची मुलं सहज वाटीला तोंड लावून सूप पितात, आमच्यासारखे लोक चमचा मागतात. चालवणारं जोडपं असं की नवरा आमच्या दांडिया बाजारातला, पक्का बडोदेकर मराठी. तैवानमध्ये शिंचूला पीएचडी करायला गेला आणि लग्न करून आला. बायको ताइनानची, म्हणजे तैवानच्या दक्षिणेकडची. गल्लीतली गुजराती मंडळी तिला भाभी म्हणतात, आम्ही वहिनी. ती मराठी शिकली सासूकडून, त्यामुळे तिच्या बोलण्यात पुस्तकी मराठी अजिबात नाही, मधेच ‘सरस’ येतं, मधेच ‘चालसे’. तिच्या सासूबाई आणि माझी आई एका भजनी मंडळात. नाहीतर आई कशाला येतेय इथे!

काउंटरवर एक फिकट हिरवा विजेचा कुकर ठेवलेला असतो. तातुंग कंपनीचा. १९६०पासून हा कुकर तैवानच्या घराघरात आहे आणि शिकायला परदेशी निघालेली मुलं तो सामानात घालून नेतात. बाहेरच्या भांड्यात छोटा कप भरून पाणी ओतायचं, खटका खाली दाबायचा. पाणी आटलं की खटका आपोआप वर. शिट्टी नाही, वाफ मोजणं नाही. आईचा त्याच्यावर विश्वास नाही. “न बोलता शिजतं म्हणजे काय?” असं तिने विचारलं होतं.

पहिला वाद साखरेवरून. ताइनानचं जेवण गोड असतं. रश्श्यात, चटणीत, मांसाला लावायच्या मसाल्यात, सगळीकडे साखरेचा हात सैल. तैवानमधले तैपेईचे लोक त्यावरून ताइनानकरांना चिडवतात. कारण सरळ आहे. त्या भागात सतराव्या शतकात, डच तिथे असताना, उसाची लागवड वाढली. पुढे जपान्यांनी १८९५ ते १९४५ या पन्नास वर्षांच्या राजवटीत साखर कारखाने उभे केले. ज्या गावात साखर पिकते तिथल्या माणसाला ती परक्यासारखी चिमटीत धरता येत नाही. तर वहिनी ताइनानची, तिने आपल्या हाताला येईल तसं केलं, आणि मुंबईहून आलेला आमचा एक नातेवाईक दुसऱ्या घासाला म्हणाला, “गुजरात्यांसाठी गोड केलंय हो! ओरिजिनल असं नसणार.”

हे वाक्य मी आयुष्यभर ऐकलंय, फक्त ते आमच्या आमटीबद्दल असायचं. पुण्याची आत्या आली की पहिल्या भुरक्याला, “तुम्ही बडोद्याचे लोक अगदी गुजराती झालात, आमटीत गूळ किती!” आणि आजी शांतपणे सांगायची की हा गूळ तिच्या सासूने मिरजेहून येताना बरोबर आणलेला आहे, म्हणजे हात. चिंचगुळाची आमटी ही काही साबरमतीच्या काठावर शोधलेली नाही. पण बडोद्यात राहिलं की प्रत्येक गोड गोष्टीचा आरोप गुजरातवर जातो. वहिनीच्या बाबतीतही तेच. तिचं जे सगळ्यात जास्त ताइनानचं, त्यालाच लोक तडजोड म्हणतात.

आता नूडल सूप. तैवानचा राष्ट्रीय पदार्थ म्हणावा असा हा एक, आणि तो गोमांसाचा. इथे अर्थात नाही. इथे तो बोकडाच्या मटणाचा आहे. पाटीवर ‘मटण रस्सा नूडल’ असं साधं लिहिलंय. मटण आधी उकळून, मळी काढून, मग सोया सॉस, आलं, कांद्याची पात, बाद्यान, दालचिनी आणि एक तांबडं आंबवलेलं वाटण घालून तासन्‌तास मंद शिजवतात. हे वाटण बाकला नावाच्या कडधान्याचं आणि मिरचीचं. वहिनीचं माहेर त्याचे डबे पाठवतं आणि ते संपत आले की तिचा चेहरा पडतो.

नूडल ती स्वतः लाटते. मैद्यात थोडी भालिया गव्हाची कणीक घालते. भालिया म्हणजे गुजरातच्या भाल प्रदेशातला कोरडवाहू गहू, कडक, पिवळसर, ज्याला २०११ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ही सूचना सासूबाईंची. त्यांनी पोळपाटावर पट्ट्या कापताना सुनेला पाहिलं आणि त्या म्हणाल्या, “यात जरा भालिया घाल, दाताला लागेल.” लागतं. मला तर ती नूडल नुसती उकडून तूप घालूनही आवडेल, पण हे वहिनीसमोर म्हणायची सोय नाही.

‘हे मात्र अस्सल’ असं लोक या सूपबद्दल म्हणतात. मटण सोडलं तर बाकी तंतोतंत, शेकडो वर्षांची परंपरा वगैरे. प्रत्यक्षात हा पदार्थ माझ्या आईच्या वयाचा आहे. १९४९मध्ये चीनमधलं यादवी युद्ध हरल्यावर च्यांग काइ-शेकचं सरकार तैवानला आलं आणि त्याच्या मागे-पुढे दहा लाखांहून जास्त माणसं आली. सैनिक, कारकून, शिक्षक, त्यांची बायकामुलं. सगळ्यांना वाटत होतं की वर्ष-दोन वर्षांत परत जाऊ. सैनिकी कुटुंबांसाठी घाईघाईने वस्त्या बांधल्या. काओशुंगजवळच्या गांगशानला हवाई दलाच्या लोकांची वस्ती होती, त्यात सिचुआनचे बरेच. त्यांना आपल्याकडचं तांबडं वाटण मिळेना, म्हणून त्यांनी ते तिथेच घालायला सुरुवात केली, आणि गांगशानचं वाटण आजही प्रसिद्ध आहे. त्या वाटणात गोमांस शिजवून त्यात नूडल सोडली, आणि पाटीवर ‘सिचुआन’ लिहिलं. अशा रूपातला हा रस्सा तैवानमध्येच जन्मला असं बहुतेक जाणकार मानतात. आपल्या लारीवरचा ‘शेजवान’ सॉसही सिचुआनच्याच नावाचा. एका प्रांताच्या नावाने दोन देशांत दोन भलतेच रंग उकळताहेत आणि मूळ प्रांताला त्याचा पत्ता नाही.

आणि नूडल तरी कुठून आली? तैवान भात खाणारं बेट. गहू तिथे फारसा पिकत नाही. १९५१ ते १९६५ अमेरिकेची मदत चालू होती, त्यातून पिठाची पोती यायची. पोत्यावर दोन हातांचं हस्तांदोलन छापलेलं असायचं. पीठ संपलं की लोक पोत्याच्या कापडाच्या चड्ड्या शिवत. बुडावर मैत्रीचं चिन्ह घेऊन हिंडणारी मुलं तिथल्या त्या पिढीला अजून आठवतात. मी हे आईला सांगितलं तेव्हा ती हसली नाही, लगेच म्हणाली, “आणि आपला मिलो?” बाहत्तरच्या दुष्काळातली ती तांबडी अमेरिकन ज्वारी. तिच्या भावाकडे, सोलापूरला, तिची भाकरी कशी थापली जात नसे आणि तोंडात कशी फिरत राही, याचं वर्णन तिने नूडल गार होईपर्यंत केलं.

वहिनीचे आजोबा त्या गांगशानच्या वस्तीतले. तैवानात १९४९ ते १९८७ मार्शल लॉ होता, आणि नोव्हेंबर १९८७पर्यंत चीनमधल्या घरी जायला, सख्ख्या आईला भेटायलाही परवानगी नव्हती. अडतीस वर्षं ते आठवणीने स्वयंपाक करत राहिले. पुढे एकदा जाऊन आले. परत आल्यावर त्यांची तक्रार काय, तर तिथला रस्सा ‘बरोबर’ नव्हता.

१९४९ हा आकडा बडोद्याच्या मराठी घरांनाही ओळखीचा आहे. १७३४मध्ये बडोदं गायकवाडांच्या हाती स्थिरावलं, त्यांच्यामागून आम्ही आलो, आणि दोनशेहून जास्त वर्षांनी, १ मे १९४९ला, संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. त्याच वर्षी युनिव्हर्सिटी निघाली. हुजूर कचेरीतले कारकून एका सकाळी दुसऱ्याच सरकारचे नोकर झाले, त्यातले एक माझे आजोबा. १९६०मध्ये गुजरात वेगळा झाला तेव्हा काही घरं उठून पुण्या-मुंबईला गेली, आम्ही राहिलो. पण ही तुलना फार ताणण्यात अर्थ नाही. आम्हाला पुण्याला जायला गाडी होती, कुणी अडवलेलं नव्हतं. आम्ही आपखुशीने इथे राहून इथल्याशी भांडत बसलो. भाकरवडी पुण्याची की बडोद्याची, हे भांडण तर अजून मिटलेलं नाही. आणि शेव-उसळीवर तरी टाकून पावाबरोबर खाणाऱ्या किती बडोदेकरांना उसळ कुणाच्या घरची हे ठाऊक असतं?

त्या रश्श्यातल्या बाद्यानावर मात्र जरा थांबायला हवं. पहिला घोट घेतला तेव्हा नाकाला काहीतरी फार जवळचं लागलं आणि ओळख पटेना. दुसऱ्या वेळी वाडग्यात ते आठ पाकळ्यांचं काळं फूल दिसलं. आमच्याकडे उन्हाळ्यात गोडा मसाला घरीच होतो. धने, खोबरं, तीळ, दगडफूल, नागकेशर, आणि बाद्यान. बडोद्यात एवढी वर्षं काढून आमच्या घराने धोतर सोडलं, पगडी सोडली, पंगतीतली पानं सोडली, बोलण्यातले ळ-ण सुद्धा निम्मे सोडले, पण मसाला बाजारातून आणला नाही. ‘आपलं म्हणून हे एक राहिलंय’ असं आजी म्हणायची. तर त्या ‘आपल्या’तलं बाद्यान दक्षिण चीनमधल्या ग्वांगशीकडे आणि उत्तर व्हिएतनामात पिकतं, आणि आजही आपल्याकडे ते मुख्यतः बाहेरूनच येतं. आजी असती तर तिने हे ऐकून घेतलं असतं आणि मग म्हणाली असती, असू दे, भाजतो आपणच ना.

आता ज्याच्यामुळे मी हे लिहायला बसले तो पदार्थ. तैवानमध्ये चिकन करायची एक रीत आहे, नाव ‘तीन कप’. एक कप तिळाचं तेल, एक कप सोया सॉस, एक कप तांदळाची दारू. मूळ चीनच्या ज्यांगशी प्रांतातलं, तैवानमध्ये जाऊन नावारूपाला आलं. प्रत्यक्षात कुणी कप मोजत नाही, सारखं प्रमाण एवढाच अर्थ. काळ्या तिळाच्या तेलात आल्याच्या चकत्या कडा वळेपर्यंत परतायच्या, सोललेल्या आख्ख्या लसणाच्या पाकळ्या टाकायच्या, कोंबडी, मग दोन्ही पातळ पदार्थ, रस चिकट होईपर्यंत आटवायचं आणि शेवटी मूठभर सुगंधी पानं घालून झाकण. मातीच्या भांड्यात ते टेबलावर येतं तेव्हा चुरचुरत असतं.

तिसरा कप गुजरातेत कुठून आणणार? दारूबंदीचा कायदा मुळात मुंबई प्रांताचा, तोही १९४९चाच, आणि गुजरात झाल्यापासून इथे तो कायम आहे. स्वयंपाकापुरती म्हणून आणली तरी पोलिसांना पाककृती समजावून सांगायची तयारी हवी. वहिनीने बरेच प्रयोग केले. सफरचंदाचा रस घालून पाहिला, नुसतं व्हिनेगर घालून पाहिलं. आता ती भाताची पेज आल्यात उकळून त्यात गूळ आणि थोडं तांदळाचं व्हिनेगर घालते. चव छान येते. पण दारू उडून जाताना जो वास मागे ठेवते तो येत नाही, आणि ती हे लपवत नाही. नवऱ्याने मेनूवर लिहून टाकलं, ‘अडीच कप चिकन’. खाली ‘अडीच कप तोफू’. आलेला प्रत्येक नवा माणूस विचारतो, अडीच का? मग तो सांगतो. दारूबंदीविरुद्ध याहून सभ्य निषेध मी पाहिलेला नाही.

गंमत अशी की त्या तांदळाच्या दारूचं तैवानातही सरकारशी बरंच नातं आहे. ती बनवायचा मक्ता आधी जपानी सरकारकडे, मग च्यांग काइ-शेकच्या सरकारकडे. २००२मध्ये तैवान जागतिक व्यापार संघटनेत गेलं आणि तिच्यावर इतर कडक दारूसारखा कर बसला. किंमत कित्येक पटींनी चढली. लोकांनी आधीच पेट्याच्या पेट्या भरून ठेवल्या, बनावट माल आला, तो पिऊन माणसं दगावली. एवढा आकांत पिणाऱ्यांचा नव्हता. ती बाटली स्वयंपाकघरातली, आणि विशेषतः बाळंतिणीची. तिथे बाळंतीण महिनाभर घराबाहेर पडत नाही, गार पाण्याला हात लावत नाही, आणि तिळाचं तेल, आलं आणि ही दारू घालून केलेलं कोंबडीचं सूप तिला रोज देतात. सून-मुलगी दिवसात असलेल्या घराने बाटल्या मोजायच्या नाहीत तर काय! शेवटी सरकारला कर उतरवावा लागला. वहिनीची स्वतःची मुलगी बडोद्यात झाली. सूप नाही. अळीव, डिंकाचे लाडू, शेकशेगडी. “गरम होतं, चांगलं होतं,” ती म्हणाली, “पण माझी आई फोनवर रडत होती. तिला वाटलं, मुलीला ते मिळालं नाही म्हणजे आता म्हातारपणी गुडघे दुखणार.” मी विचारलं, दुखतात का? ती म्हणाली, म्हातारी झाले की सांगीन.

त्या सुगंधी पानांवरूनही एकदा प्रकरण झालं. आईने अडीच कप तोफूचं झाकण उघडलं, पान चिमटीत धरून हुंगलं आणि हातच मागे घेतला. “तुळस? तेलात तळलीत?” देवघरातली तुळस कढईत गेली असं वाटून तिचा चेहरा असा काही झाला की वहिनी आतून धावत आली. मागच्या दारी कुंड्या आहेत तिथे आईला नेलं. ती तुळस नव्हे, सब्ज्याच्या जातीतली. आपण फालुद्यात जे बी घालतो ते ज्या झाडाचं, त्याचीच बहीण. देठ जांभळट, फुलं मजल्यांवर मजले चढल्यासारखी. आईने पान चावून पाहिलं, बडीशेपेसारखं लागतंय म्हणाली आणि मग तोफू खाल्ला. जाताना एक फांदी मागून घेतली. ती आता आमच्याकडे कुंडीत आहे, तुळशीपासून अंतर ठेवून.

आणि याच टेबलावर तो कांदा-लसणाचा संवाद झाला, जो मला आजवरच्या इथल्या सगळ्या जेवणांहून जास्त आवडला आहे.

आषाढातली गोष्ट. कांदेनवमी झाली होती, आईचा चातुर्मास लागलेला. चार महिने कांदा-लसूण बंद. मी आधीच वहिनीला हळू आवाजात सांगून ठेवत होते, की बघ बाई, जमेल का, नाहीतर आम्ही नुसता भात आणि भाजी घेऊ. बडोद्यात हॉटेलवाल्याला असं सांगणं नवं नाही, तो ‘जैन?’ एवढंच विचारतो आणि तीच भाजी कांद्याशिवाय, टोमॅटो वाढवून आणतो. वहिनीने विचारलं, “दूध चालतं?” चालतं. “अंडं?” नाही. “मग माझ्या आईचं जेवण आहे. फक्त तिला दूध पण नाही.”

तिची आई बौद्ध. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला ती शाकाहारी जेवते, आणि शाकाहारी म्हणजे पाच उग्र गोष्टीही वर्ज्य. तैवानमध्ये हे इतकं रुळलेलं आहे की बाजारातल्या पाकिटांवर शाकाहाराचे पाच प्रकार छापतात. शुद्ध वनस्पतीजन्य, अंडं असलेलं, दूध असलेलं, दोन्ही असलेलं, आणि पाचवा प्रकार, ज्यात कांदा-लसणासारखं उग्रही चालतं. आपल्याकडे पाकिटावर एक हिरवा ठिपका टाकून मोकळे होतात. इथल्या जैनांना, वैष्णवांना, आमच्या आईला त्या ठिपक्यातून काहीच कळत नाही. बडोद्यात येणाऱ्या लोकांना वाटतं की वहिनीचा कांदा-लसणाशिवायचा मेनू ही गुजरातची सोय. तो तिच्या माहेरचा आहे.

आई खूश झाली. म्हणजे आपल्यासारखंच! मग स्वयंपाकातली बाई म्हणून तिने सल्ला दिला, “कांदा-लसूण नसला की हिंग सढळ हाताने घालायचा बघ. तीच चव येते.”

वहिनी थांबली. नवऱ्याला तिने चिनीत काहीतरी विचारलं, त्याने डबा उघडून हिंग दाखवला, तिने हुंगला आणि हसायलाच लागली. ते पाच उग्र पदार्थ म्हणजे कांद्या-लसणाची भावंडं चार, आणि पाचवा हिंग. भारतातून ग्रंथांबरोबर ती यादी चीनमध्ये गेली, त्यात हिंगही गेला. तैवानात हिंग पिकत नाही, बाजारात कुणी पाहिलेला नाही, नावापुरता यादीत बसलाय. वहिनीच्या आईने जन्मात न पाहिलेली वस्तू आयुष्यभर निष्ठेने टाळली, आणि माझी आई लसूण टाळण्यासाठी तीच सढळ हाताने घालते.

यावर आई काय म्हणेल याची मला धास्ती होती. ती विचार करून म्हणाली, “तिच्या आईला सांग, वरणात घालून बघ एकदा. मग टाळायचा की नाही ते ठरव. न चाखता टाळण्यात काय पुण्य आहे?” हा निरोप फोनवरून गेला. उत्तर काय आलं ते वहिनीने सांगितलं नाही.

त्या दिवशी आईने काय जेवलं ते सांगायला हवं. उकडलेले गोळे, आत कोबी, मशरूम, गाजर आणि चावताच तोंडात सांडणारा रस. मांसाहारी गोळ्यांत हा रस थिजवलेल्या सूपचा असतो, वाफेवर तो वितळतो. शाकाहारीत वहिनी चायना ग्रास घालते, तेच, ज्याचा आमच्याकडे दुधाचा हलवा होतो. आईने वरच्या चुण्या मोदकाच्या कळ्यांसारख्या निरखल्या आणि बऱ्यापैकी गुण दिले. तैवानच्या सगळ्यात नावाजलेल्या, १९५८मध्ये तेलाचं दुकान म्हणून सुरू झालेल्या दिन ताइ फंग या हॉटेलात अठरा चुण्यांचा नियम आहे, असं नवऱ्याने सांगितलं. आई म्हणाली, सम संख्या? आणि पुढचा गोळा उचलला.

बाकी काही गोष्टी अगदी साधारण आहेत. फ्राइड राइस कुठेही मिळतो तसा आहे. सोयाबीनच्या दुधाचा खारट प्रकार मला सोसत नाही. भात गोल दाण्याचा, चिकट. मोकळ्या जीरासारवर वाढलेले गुजराती गिऱ्हाईक त्याला ‘लोचो’ म्हणून परत पाठवतात, आणि वहिनी तो बदलून द्यायला तयार नसते. हे तिचं एक खास आहे. गाय गेली, डुक्कर गेलं, दारू गेली, त्यावर तिने कधी कुरकुर केली नाही. ‘इथे चालत नाही, संपलं.’ पण भात बदलणार नाही, आणि रश्श्यातली नूडल पार्सल देणार नाही. दहा मिनिटांत नूडल रस पिऊन फुगते, मग ते खाणं नव्हे. ऑनलाइन मागवण्याच्या जमान्यात, पाच टेबलांच्या हॉटेलाने असं म्हणणं म्हणजे धंद्याच्या दृष्टीने शुद्ध वेडेपणा. बाहेर स्कूटर लावून उभा असलेला मुलगा हुज्जत घालतो, नवरा काउंटरवर ओशाळा होतो, आणि ती आतून सांगते, “बसून खा नाहीतर फ्राइड राइस ने.” मला वाटतं, फ्राइड राइस तिने याच कामासाठी ठेवलाय.

शेवटी त्या चहाचं. दुधाचा गार चहा, तळाशी काळे टपोरे मणी आणि ते ओढायला जाड नळी. १९८०च्या दशकात तैवानमध्ये हा निघाला. ताइचुंगचं एक दुकान म्हणतं आम्ही काढला, ताइनानचं म्हणतं आम्ही. दोघं दहा वर्षं कोर्टात भांडली, आणि २०१९मध्ये कोर्टाने सांगितलं की हा कुणाच्या मालकीचा नाही. वहिनी अर्थातच ताइनानच्या बाजूने आहे. मणी टॅपिओकाचे, म्हणजे दक्षिण अमेरिकेतून जगभर गेलेल्या त्या कंदाचे, ज्याचा आपला साबुदाणा होतो. दुसऱ्या महायुद्धात बाहेरून येणारा माल थांबल्यावर सेलमच्या बाजूला त्याचे कारखाने वाढले आणि आपली एकादशी तरली.

हे ऐकल्यावर आईने तिथल्या तिथे शास्त्रार्थ मांडला. साबुदाणा चालतो. गूळ चालतो. दूध चालतं. चहा तर चालतोच, चहाशिवाय कुणी एकादशी केली आहे? म्हणजे हा उपवासाला चालतो. नवऱ्याने ते फळ्यावर लिहिलं, ‘उपवासाला चालेल’, आणि एकादशीला भजनी मंडळातल्या बायका रिक्षा करून आल्या. सगळ्यांना गरम हवा होता. तो तसाही करतात, त्यामुळे प्रश्न नव्हता. प्रश्न आला तो मण्यांवरून. एका मावशींना ते चावेनात, त्यांनी सुचवलं की यापेक्षा साधा भिजवलेला साबुदाणाच टाक, स्वस्तही पडेल. वहिनी म्हणाली, नाही टाकणार, तो चावायचाच असतो. आईने बिलाकडे पाहिलं, एकशे साठ रुपये, आणि आख्ख्या हॉटेलला ऐकू जाईल असं म्हणाली, “एवढ्यात घरभर खिचडी झाली असती.” तरी पुढच्या एकादशीचं टेबल तिनेच सांगून ठेवलं आहे, पंख्याखालचं.